प्रमाणपत्राआधीचा कारखाना

बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत प्रमाणपत्राची टूम बहुतेक वेळा ई-मेलमधून येते. जर्मनीतला, जपानमधला किंवा होसूर रस्त्यावरचा एखादा मोठा ग्राहक कळवतो, की पुढच्या आर्थिक वर्षात पुरवठादारांच्या यादीत राहायचे असेल तर 'आयएसओ ४५००१' हे कामाच्या ठिकाणच्या सुरक्षा-आरोग्याचे प्रमाणपत्र घेऊन टाका. मालक तो मेल क्वालिटी मॅनेजरकडे ढकलतो, क्वालिटी मॅनेजर सल्लागाराला फोन लावतो आणि आठवड्याभरात एक जाडजूड फाइल टेबलावर येऊन पडते. सुरक्षा धोरण, धोक्यांची नोंदवही, आणीबाणीचा आराखडा, मॉक ड्रिलचा अहवाल, सगळे तयार. फक्त कंपनीचे नाव बदलायचे. तेही कधी कधी धड बदललेले नसते. नट-बोल्ट करणाऱ्या कारखान्याच्या धोक्यांच्या यादीत बॉयलर आणि कोळशाचे आवार सापडते, कारण मूळ फाइल कुठल्या तरी कापड रंगवणाऱ्या गिरणीसाठी केलेली असते.

अशा फाइलीवर प्रमाणपत्र मिळत नाही असे मुळीच नाही. मिळते, आणि रिसेप्शनमध्ये गणपतीच्या तसबिरीशेजारी चौकटीत लागतेही. आत शॉप फ्लोअरवर मात्र काल जे चालले होते तेच आज चालते. माझे म्हणणे साधे आहे. तयारी यंत्रापासून आणि त्या यंत्रावर उभ्या असलेल्या माणसापासून सुरू व्हावी, कागद मागून यावा. आपल्याकडे नेमके उलटे होते, म्हणून हे पुस्तक.

मराठी वाचकासाठी लिहिताना उदाहरणे बंगळुरूची का, असे कोणी विचारील. एक कारण असे, की या शहराच्या कारखानदारीत आपलाही हात आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाला बरोबर घेऊन डिसेंबर १९४० मध्ये इथे हिंदुस्तान एअरक्राफ्टची स्थापना केली. किर्लोस्करवाडीच्या मंडळींनी १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्करचा लेथचा कारखाना काढला आणि १९४६ मध्ये किर्लोस्कर इलेक्ट्रिक बंगळुरूत उभी राहिली. पुढे आयटीआय, एचएमटी, बीईएल, बीईएमएल असे सरकारी कारखाने एकामागून एक आले. या मोठ्या कारखान्यांत कँटीन होते, दवाखाना होता आणि सुरक्षा अधिकारीही होता, कारण १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या १९७६ च्या दुरुस्तीने हजार किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी तो नेमणे बंधनकारक झाले.

याच कारखान्यांत हात बसलेल्या माणसांनी पुढे राजाजीनगरात आणि पीण्यामध्ये स्वतःच्या शेड टाकल्या. दोन लेथ, एक मिलिंग, मग एक सीएनसी, मग प्रेस शॉप. मोठ्या कारखान्यातून त्यांनी कौशल्य आणले, मायक्रॉनची शिस्त आणली, ओळखीतून ऑर्डरी आणल्या. सुरक्षा विभाग तेवढा तिथेच राहिला. वीस-पंचवीस माणसांच्या शेडमध्ये तो कोण ठेवणार? भोसरी, शिरोली, बेळगावचे उद्यमबाग, नाशिकचे सातपूर इथली घडण याहून वेगळी नाही. म्हणून पीण्याबद्दल जे लिहिले आहे ते तिकडच्या वाचकाला परके वाटू नये.

आता मानकाविषयी, थोडक्यात. ब्रिटनमध्ये १९९६ मध्ये बीएस ८८०० नावाचे मार्गदर्शक निघाले, १९९९ मध्ये ओएचएसएएस १८००१ आले, २००७ मध्ये ते सुधारले आणि १२ मार्च २०१८ रोजी त्याच्या जागी आयएसओ ४५००१ प्रसिद्ध झाले. आपल्या भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १८००१ मध्यंतरी होतेच. जिनिव्हाची आयएसओ ही संस्था मानक लिहिते, प्रमाणपत्र कोणालाही देत नाही. प्रमाणपत्र देतात त्या स्वतंत्र प्रमाणन संस्था, आणि त्या लायक आहेत की नाहीत हे पाहते आपल्याकडची एनएबीसीबी, म्हणजे क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या छत्राखालचे मंडळ, किंवा तिच्या तोडीची परदेशी संस्था. ही साखळी लक्षात ठेवली तर 'दोन दिवसांत आयएसओ, पैसे नंतर' अशा जाहिरातींना भुलायचे कारण उरत नाही. आणखी एक गोष्ट मालकांना ठाऊक नसते. जी संस्था प्रमाणपत्र देते तिने त्याच कारखान्याला सल्ला देणे नियमात बसत नाही. 'आम्हीच तयारी करून देतो आणि आम्हीच सर्टिफिकेट देतो' म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावे.

परीक्षण दोन टप्प्यांत होते. पहिल्यात कारखाना तयार आहे का हे पाहतात, दुसऱ्यात प्रत्यक्ष काम. प्रमाणपत्र तीन वर्षांचे असते आणि मधल्या काळात वर्षातून एकदा देखरेखीचे परीक्षण होते. परीक्षक एक-दोन दिवस येतो. त्या दिवशी हेल्मेट नवे असतात, पिवळे पट्टे ताजे रंगवलेले असतात आणि सर्वांत धोकादायक प्रेस 'मेंटेनन्ससाठी बंद' असते. हे परीक्षकालाही कळते. पण तो जे दाखवले जाते त्याचाच नमुना घेतो.

अशा नमुन्याची किंमत कराचीत मोजली गेली. ११ सप्टेंबर २०१२ रोजी बलदिया टाउनमधल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्यात आग लागली आणि अडीचशेहून अधिक कामगार गेले. खिडक्यांना गज होते, बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या. त्याआधी काही आठवडेच या कारखान्याला कामगारांच्या हक्कांसंबंधीचे एसए ८००० हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते. आग मुद्दाम लावली गेली, असा निकाल पुढे तिथल्या न्यायालयाने दिला. असेल. पण आग कोणी लावली हा पोलिसांचा प्रश्न झाला. दार का उघडले नाही, हा प्रमाणपत्र देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा प्रश्न आहे. बंगळुरूतही २३ फेब्रुवारी २०१० रोजी जुन्या विमानतळ रस्त्यावरच्या कार्लटन टॉवर्समध्ये नऊ माणसे दगावली. तो कारखाना नव्हता, कार्यालयांची इमारत होती. ज्वाळांपेक्षा धुराने घात केला आणि काहींनी घाबरून खिडक्यांतून उड्या टाकल्या. आणीबाणीचा आराखडा लिहिताना ही घटना डोळ्यांसमोर ठेवावी. पीण्यामधल्या कितीतरी शेडमध्ये मागचे दार असते, आणि त्याला टेकून तयार मालाच्या क्रेट रचलेल्या असतात.

पण आगीसारख्या मोठ्या घटनांनी दिशाभूलही होते. लहान कारखान्यात रोजचा शत्रू आहे पॉवर प्रेस. वाहन उद्योगातल्या कामगारांच्या दुखापतींवर काम करणाऱ्या 'सेफ इन इंडिया' या संस्थेचे अहवाल वर्षामागून वर्ष हेच सांगतात, की बोटे जातात ती मुख्यतः प्रेसवर. ते अहवाल मानेसर-फरिदाबाद आणि पुणे परिसराचे असले, तरी प्रेस सगळीकडे सारखीच आहे. म्हणून या पुस्तकात धोरण आणि कागदपत्रांच्या आधी प्रेसचे प्रकरण घेतले आहे, आणि इथेही तिच्यापाशी थोडे थांबतो.

जुन्या यांत्रिक प्रेसमध्ये फ्लायव्हील सतत फिरत असते. पायाने पेडल दाबले की क्लचची चावी खाचेत बसते आणि रॅम खाली येऊन पुन्हा वर जाईपर्यंत, म्हणजे पूर्ण फेरी होईपर्यंत, थांबत नाही. मध्येच थांबवायची सोय त्या यंत्राच्या रचनेतच नाही. चावी झिजली किंवा स्प्रिंग तुटली की पेडल न दाबताही रॅम दुसऱ्यांदा खाली येतो. डाय सेट करणारा जुना माणूस या 'डबल'ला जितका भितो तितका कशालाच भीत नाही. आता होते काय, की परीक्षणाच्या आधी कोणीतरी सुचवते, लाइट कर्टन, म्हणजे प्रकाशाचा पडदा, बसवा. पैसे खर्च होतात, प्रेसच्या दोन्ही बाजूंना पिवळे खांब उभे राहतात, हात आत गेला की लाल दिवा लागतो. आणि रॅम खाली येतोच, कारण तो थांबूच शकत नाही! पडदा कामाचा आहे, पण न्यूमॅटिक फ्रिक्शन क्लच आणि धड ब्रेक असलेल्या प्रेसवर. चावीच्या क्लचवर उपाय एकच : बोट शिरणारच नाही इतक्या फटीचे बंदिस्त गार्ड किंवा बंद डाय, पत्रा आत सरकवायला सरकती डाय, तुकडा काढायला चुंबकी हत्यार, आणि जमेल तेव्हा ती प्रेसच बदलणे.

मानकाच्या ८.१.२ या कलमात हीच उतरंड लिहिली आहे. आधी धोका मुळातून काढा, नाहीतर त्याच्या जागी कमी धोक्याचे काही आणा, मग यंत्रात सुधारणा, मग कामाची पद्धत आणि प्रशिक्षण, सर्वांत शेवटी हातमोजे-गॉगल. आपण बरोबर शेवटच्या पायरीवरून सुरुवात करतो, कारण हातमोजे लगेच विकत मिळतात आणि फोटोत दिसतात. फिरत्या ड्रिलवर हातमोजा घालणे हाच धोका आहे, हे तेव्हा कोणाला आठवत नाही.

आपण उलटे चालतो अशी दुसरी जागा आहे अपघाताची नोंदवही. 'कारण' या रकान्यात पुन्हा पुन्हा एकच वाक्य भेटते : कामगाराचा निष्काळजीपणा. 'उपाय'च्या रकान्यात : समज दिली. मानकाचे १०.२ कलम या उत्तरावर थांबू देत नाही. समजा, दोन हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक आगपेटीच्या काडीने अडकवून ठेवलेले सापडले. अडकवले कामगाराने, खरे. का अडकवले? कारण एका हाताने तुकडा धरला की काम भरभर होते. भरभर का हवे? कारण मोबदला नगावर आहे आणि सुपरवायझरचे टार्गेट तासावर. फिक्स्चर नीट असते तर तुकडा धरावाच लागला नसता, पण फिक्स्चरच्या खर्चाची मागणी महिनोन् महिने सहीवाचून पडून आहे. असा शोध केला की निष्काळजीपणा कोणाचा, याचे उत्तर हळूहळू केबिनकडे सरकू लागते, आणि म्हणूनच तो शोध सहसा होत नाही. मालकाला हे पान वाचून राग येईल. यावा.

सुरक्षेच्या गडबडीत आरोग्य मागे राहते. बोट गेले की रक्त दिसते. कान जायला दहा वर्षे लागतात आणि तोपर्यंत माणसाने चार कारखाने बदललेले असतात. क्रोम प्लेटिंगच्या टाकीत विद्युत्प्रवाहाने बुडबुडे उठतात, त्यांच्याबरोबर क्रोमिक आम्लाचा बारीक तुषार वर येतो आणि टाकीवर वाकलेल्या माणसाच्या नाकात जातो. नाकाच्या मधल्या पडद्याला हळूहळू भोक पडते. ते बहुधा दुखत नाही, त्यामुळे तो सांगत नाही, आणि सालाबादच्या तपासणीत डॉक्टर वजन आणि रक्तदाब लिहून पुढच्याला हाक मारतात. नाकात बॅटरी मारून पाहायला अर्धे मिनिट लागते. षट्संयुजी क्रोमियम फुप्फुसाच्या कर्करोगाचे कारण आहे, हे सिद्ध झालेले आहे. जिथे शोभेचे क्रोम आहे तिथे त्रिसंयुजी क्रोमियमचे द्रावण चालते. नाहीतर तुषार दाबणारे रसायन आणि टाकीच्या कडेला लागून ओढणारा एक्झॉस्ट. मास्क त्यानंतर. जाता जाता : प्लेटिंगच्या दुकानात सायनाइडचे पिंप आणि आम्लाचे कॅन एकाच रॅकखाली दिसले, तर बाकी तपासणी थांबवून आधी ते हलवावेत. ते दोन एकत्र आले की जो वायू निघतो तो दुसरी संधी देत नाही.

या बाबतीत बंगळुरू नशीबवान आहे. राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेचे दक्षिणेतले प्रादेशिक केंद्र इथे आहे. सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. थुप्पिल वेंकटेश यांनी शिशाच्या विषबाधेवर जे काम उभे केले त्यामुळे बॅटरीच्या धंद्यातल्या कामगाराच्या रक्तातले शिसे मोजणे ही कल्पनेतली गोष्ट राहिली नाही. कोणती तपासणी कोणत्या कामासाठी, हे सांगणारी माणसे शहरात आहेत. त्यांना विचारले जात नाही, एवढेच.

४५००१ मध्ये जुन्या १८००१ पेक्षा जे खरोखर पुढचे पाऊल आहे, ते कामगारांच्या सहभागाचे. ५.४ हे कलम म्हणते, की व्यवस्थापनात नसलेल्या कामगारांशी सल्लामसलत करा, धोके ओळखण्यात त्यांना सामील करा, आणि त्यात येणारे अडथळे दूर करा. भाषा, साक्षरता, सूडाची भीती हे अडथळे मानक उघड मान्य करते. कंत्राटी कामगारही 'कामगार' या व्याख्येत येतो. भोपाळनंतर १९८७ मध्ये आपल्या कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांसाठी जी कलमे घातली गेली, त्यांतही सुरक्षा समितीत कामगारांचा वाटा होताच. कागदावर आपण मागे कधीच नव्हतो.

पीण्यामधल्या शॉप फ्लोअरवर कानडी, तमिळ, हिंदी, भोजपुरी, ओडिया एकाच पाळीत ऐकू येते. सूचनाफलक मात्र इंग्रजीत, कारण परीक्षक इंग्रजी वाचतो. म्हैसूर रस्ता आणि बोम्मनहळ्ळीच्या कपड्यांच्या कारखान्यांत शिवणयंत्रावर बसलेल्या बहुतेक बायका. सुरक्षा समितीत त्यांची प्रतिनिधी कोण, तर एचआरने निवडलेली आणि बैठकीत न बोलणारी. तिला बोलू दिले तर पहिली तक्रार सुईची नसते. ती असते, टार्गेट चुकू नये म्हणून दिवसभर पाणी न पिण्याची, आणि त्यातून होणाऱ्या लघवीच्या संसर्गाची. हे धोक्यांच्या नोंदवहीत आले पाहिजे, हा माझा आग्रह आहे, आणि काही परीक्षकांना तो फाजील वाटतो.

कायद्याविषयी दोन गोष्टी. पहिली : प्रमाणपत्र ही कायद्यातून सूट नव्हे. कर्नाटकाच्या कारखाने, बाष्पके, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य विभागाचा अधिकारी दारात आला की तो क्रेनच्या आणि एअर रिसीव्हरच्या चाचणीचे दाखले मागतो, चौकट मागत नाही. दुसरी : २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता लागू झाली. सुरक्षा अधिकाऱ्याची मर्यादा हजारावरून पाचशेवर, आणि धोकादायक प्रक्रियेत अडीचशेवर आली, हे चांगले झाले. त्याच वेळी विजेवर चालणारा 'कारखाना' ठरण्याची मर्यादा दहावरून वीस कामगारांवर गेली. संहितेच्या इतर तरतुदी दहा माणसांच्या आस्थापनेलाही लागू असल्या, तरी पीण्यामधल्या गल्लीबोळांतली कितीतरी प्रेस शॉप या व्याख्येतून निसटतात. मानकाला असली मर्यादा नाही. पाच माणसांच्या शेडलाही ते लागू करता येते. शिवाय मोठ्या पुरवठादाराने आपले काम अशा शेडला बाहेरून करायला दिले, तर तिथल्या धोक्याचे काय केले हे ८.१.४ कलमानुसार त्यालाच सांगावे लागते. या कलमाचा उपयोग व्हायला हवा तितका होत नाही, आणि त्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे.

२०२४ च्या फेब्रुवारीत मानकात हवामानबदलाविषयी छोटीशी पुरवणी जोडली गेली. बंगळुरूला तिचे हसू येण्याचे दिवस गेले. त्याच वर्षीचा उन्हाळा आणि पाण्याची टंचाई आठवावी, आणि एप्रिलच्या दुपारी पावडर कोटिंगच्या भट्टीशेजारी पत्र्याखाली उभे राहून पाहावे.

खर्चाचे कोष्टक या पुस्तकात नाही. परीक्षणाची फी कामगारांच्या संख्येवर आणि जोखमीवर ठरते, आणि ती एकूण खर्चातला लहान भाग असते. मोठा भाग गार्ड, एक्झॉस्ट, अर्थिंग आणि बदललेल्या प्रेसचा. तो कोणत्या क्रमाने करावा, म्हणजे पैसे थोडे असताना आधी कशाला हात घालावा, हे सविस्तर दिले आहे. खाणी आणि बांधकाम वगळले आहे, त्यांचे धोके आणि कायदे वेगळे आहेत. सांडपाण्याच्या टाकीत उतरण्याविषयीचे प्रकरण लहान असूनही सुटे काढता येईल असे छापले आहे. टाकीत पहिला माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही वर येत नाही, हे वर्षानुवर्षे चालू आहे. ती चार पाने कानडीत आणि हिंदीत करून टाकीच्या झाकणाजवळ लावायची आहेत. त्यासाठी कोणाची परवानगी नको.

ज्याला ई-मेल आला आहे आणि मुदत डोक्यावर आहे, त्याने पहिली चार प्रकरणे वाचून वही-पेन घेऊन शॉप फ्लोअरवर जावे, तेही रात्रपाळीत. कागदपत्रांचे प्रकरण नववे आहे. सुपरवायझरांनी प्रेस, ग्राइंडर आणि क्रेन ही प्रकरणे आधी वाचावीत. मालकांसाठी तिसरे, म्हणजे अपघाताच्या चौकशीचे. परीक्षण तोंडावर आले म्हणून कोणी थेट नववे उघडले, तर त्याच्या पहिल्याच पानावर त्याला तिसऱ्याकडे परत पाठवले आहे.